सहावी ते आठवीच्या मुलांना पटवून देणारा निबंध कसा शिकवावा?

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी गोव्यात, डिचोली तालुक्यात सहावी ते आठवीला मराठी शिकवते. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडते.

वैचारिक निबंध आपण सगळेच घेतो. पण वह्या तपासायला घेतल्या की तेच ते. 'मोबाईल : शाप की वरदान' हा विषय घ्या. सुरुवातीला 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे', मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'अति तेथे माती'. वर्गातल्या सगळ्या वह्यांत हाच साचा. मुलाला स्वतःला काय वाटतं, ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. हीच मुलं मधल्या सुट्टीत गोल झाला की नाही यावरून भांडताना ऐका. 'बॉल रेषेच्या आत होता, तो बघ मातीत डाग', 'तू तर तिकडच्या टोकाला होतास, तुला कसं दिसलं?' दावा, पुरावा, साक्षीदाराची उलटतपासणी, सगळं येतं त्यांना. वहीत मात्र त्यातलं काहीच उतरत नाही.

माझ्या मते याचं कारण एकच. मैदानावर समोर कोणीतरी असतो, वहीत कोणीच नसतो. वही फक्त बाई वाचणार आणि बाईंना काही पटवायचं नाहीये, मार्क मिळवायचे आहेत, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून मी विषयासोबत माणूसही देते. हे कोणाला पटवून द्यायचंय ते विषयाच्या खालच्याच ओळीत लिहायचं. त्या माणसाचं मत मुलाच्या मतापेक्षा वेगळं असलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट, समोरच्याची बाजू आधी लिहायची. तीन-चार वाक्यं पुरेत, पण ती वाचून समोरचा म्हणाला पाहिजे, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' तोवर स्वतःची बाजू सुरू करायची नाही.

एक उदाहरण देते. २०२५ मध्ये आपल्याकडे सहावी ते दहावीचं वर्ष ७ एप्रिलला सुरू झालं, तेव्हा घराघरांत वाद झाले. मुलांच्या अंगावर आलेला विषय, म्हणून मी तोच दिला. वाचक म्हणजे एप्रिलची शाळा ज्यांना पसंत आहे असे पालक. सातवीतल्या एका मुलीचा पहिला मसुदा असा होता :

«एप्रिलमध्ये खूप ऊन असते. मुलांना त्रास होतो. मुले आजारी पडतात. म्हणून एप्रिलमध्ये शाळा नसावी.»

चूक काहीच नाही, पण हे वाचून कोणाचं मत बदलेल? मी समासात दोनच प्रश्न लिहिते. एक 'कशावरून?' आणि दुसरा 'बरं, मग?' पहिल्याने पुरावा मागायचा. दुसऱ्याने त्या पुराव्याचा आपल्या म्हणण्याशी संबंध काय ते विचारायचं. तिने पुन्हा लिहून आणलं ते असं :

«एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, त्यामुळे मुलांना ऊन लागत नाही, असे पालक म्हणतात. शाळेत येताना ऊन नसते हे खरे आहे. पण शाळा सुटल्यावर आमच्या वाड्याची बस तासाभराने येते. तोपर्यंत आम्ही थांब्यावर उभे असतो. थांब्याला छप्पर नाही. माझ्या धाकट्या भावाला तिथे एकदा चक्कर आली होती. म्हणून एप्रिलमध्ये शाळा घ्यायचीच असेल तर आधी बसची वेळ बदलावी.»

तिचं मत लिहिता लिहिता बदललं, हे बघितलंत ना? निघाली होती 'शाळाच नको' म्हणून, पोचली बसच्या वेळेवर. समोरच्याचं म्हणणं खरोखर कागदावर घेतलं की आपल्या म्हणण्यातला कुठला भाग टिकतो आणि कुठला नाही, ते मुलालाच दिसतं. मला शिकवायचंय ते हेच. सुंदर शब्द, सुविचार वगैरे मागाहून आले तरी चालतील.

तुम्ही काय करता? आणि विषय कुठले देता?

---

कुळागर

सुरंगीबाई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी फोंड्याकडे मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे.

समोरच्याची बाजू आधी मांडणं ही आपली जुनी रीत आहे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, मग त्याचं उत्तर, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष कच्चा मांडला तर पुढचं खंडनही कच्चंच राहणार. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच पायऱ्याच सांगितल्या आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. आठवीच्या मुलांना हे फळ्यावर एकदा मांडून दाखवलं की लगेच कळतं. नावं पाठ करून घेऊ नयेत, पायऱ्या कळल्या की झालं.

मुलं अडतात ती चौथ्या पायरीवर. उदाहरण देतात, पण ते इथे कसं लागू पडतं ते सांगत नाहीत. 'जपानमध्ये मुलं वर्ग झाडतात, म्हणून आपणही झाडावा.' जपानचं आपल्याला लागू का पडावं? तुमचं 'बरं, मग?' नेमकं याच जागी बोट ठेवतं.

आणखी एक सांगायचं आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडून काढणं ही वितंडा. आंतरशालेय वादविवाद स्पर्धांतून आपण मुलांना बव्हंशी जल्प शिकवतो. मोठा आवाज, पाठ केलेली शेरोशायरी, परीक्षकांकडे बघून हातवारे. त्यात पहिला आलेला मुलगा निबंध लिहायला बसला की वाचकाला धमकावतो. स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही, पण ती तयारी या निबंधाच्या कामाची नाही.

---

घुमट

मी म्हापशाला इंग्रजी माध्यमात मराठी शिकवतो. सुरंगीताई, तुमची रीत पटते, पण माझी अडचण वेगळी आहे. माझ्याकडे मराठी ही तिसरी भाषा. निम्म्याहून जास्त मुलं घरी कोंकणी बोलतात, काहीजण हिंदी किंवा कन्नड. विचार असतो, वाक्य जमत नाही. 'हे मान्य असले तरी' असं लिहायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. सगळी वाक्यं 'आणि', 'म्हणून'ने जोडलेली.

म्हणून मी जोडवाक्यांचा एक तक्ता भिंतीवर लावलाय. 'काहींचं म्हणणं असं की…', 'हे खरं आहे, पण…', 'यावरून एवढंच कळतं की…', 'असं असेल तर मग…'. मुलं त्यातून उचलतात. सगळे निबंध एकाच आवाजात येतात हा तोटा दिसतो. तरी माझ्या वर्गात त्याला पर्याय नाही.

माझी शंका अशी की कच्च्या मुलाला आधी विरुद्ध बाजू लिहायला लावली तर तो गोंधळणार नाही का? एक मुलगा विरुद्ध बाजू लिहिता लिहिता तिकडचाच होऊन बसला.

---

सुरंगी

घुमटदादा, तक्ता राहू दे. 'यावरून एवढंच कळतं की' हे मला फारच आवडलं, उद्यापासून माझ्याही भिंतीवर. 'एवढंच' या शब्दामुळे मुलाला आपला पुरावा मोजावा लागतो.

भाषेचं म्हणाल तर आधी तोंडी करून घेते, आणि ज्या भाषेत येईल त्या भाषेत. याच एप्रिलच्या विषयावर एक मुलगा उठून म्हणाला, 'टीचर, गिमांत आमगेर उदक येना, सकाळचें कशें येवप?' नळाला पाणी नाही, आंघोळ नाही, शाळेत लवकर कसं यायचं? पुरावा त्याच्या एका वाक्यात आला. मी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं आणि मग वर्गाने मिळून मराठीत बसवलं. त्यालाच आधी मराठीत लिही म्हटलं असतं तर 'पाण्याची समस्या भेडसावते' असं काहीतरी पुस्तकी आलं असतं आणि त्यातलं पाणी गेलं असतं.

विरुद्ध बाजू लिहिता लिहिता मूल तिकडे गेलं तर जाऊ दे की! त्याला ती बाजू खरंच पटली असेल तर आता त्याने तिथून लिहावं. फक्त का पटली ते सांगितलं पाहिजे. गोंधळ होतो तो दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात कालवल्या तर. म्हणून मी पान मधोमध दुमडायला लावते. डावीकडे समोरच्याचं, उजवीकडे आपलं.

---

वाळपईकर

मी शिक्षक नाही, पालक आहे. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी आठवीत. 'गृहपाठ असावा की नसावा' या विषयावर तिने ठाम लिहिलं की सातवीपर्यंत लेखी गृहपाठ नसावा. घरी संध्याकाळी तिला धाकट्याला सांभाळावं लागतं, आम्ही दोघं कामावरून उशिरा येतो, हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं. आजूबाजूच्या चार घरांत विचारूनही आली. मार्क कमी मिळाले. शेरा होता 'दोन्ही बाजू समतोल मांडाव्यात'. शाळेचं नाव घेत नाही, ते बरोबर नव्हे. पण तिने त्यानंतर गाईड आणलं आणि आता त्यातलंच लिहिते. मार्क चांगले मिळतात. एवढ्या धडपडीनंतर पोरगी गाईडवर आली याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही शिक्षक मंडळी इथे जे म्हणताय ते परीक्षेत चालणार आहे का, एवढं सांगा.

---

कुळागर

वाळपईकर, तुमच्या मुलीने केलं ते उत्तम होतं, तिला माझ्यातर्फे सांगा. समतोल याचा अर्थ दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकणं असा नाही. वजन करून बघणं म्हणजे समतोल. काटा कुठे झुकला ते सांगायलाच हवं.

परीक्षेपुरतं म्हणाल तर तिने विरुद्ध बाजूचा एक नीट परिच्छेद घातला, म्हणजे 'गृहपाठाने सराव होतो, अभ्यासाची सवय लागते' वगैरे, आणि मग 'हे मान्य, तरीही' म्हणून आपलं मांडलं तर तो शेरा द्यायला जागा उरत नाही. ठाम मत आणि दुसऱ्याची दखल एका पानावर सुखाने नांदतात.

---

रानवारा

मी पणजीत वकिली करतो, अधूनमधून शाळांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. थोडं पुराव्याविषयी.

मुलं तीन गोष्टी एकाच तराजूत टाकतात : स्वतः पाहिलेलं, कोणीतरी सांगितलेलं आणि कुठेतरी वाचलेलं. प्रत्येकाचं वजन वेगळं. बसथांब्याला छप्पर नाही हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून कोणी मोडू शकत नाही. 'मुले आजारी पडतात' हे ऐकीव. आठवीच्या मुलाला हा फरक सहज समजतो. निबंधाच्या समासात 'पाहिलं', 'ऐकलं', 'वाचलं' एवढं लिहायला लावा. 'ऐकलं' फारच झालं की मुलगा आपणहून जाऊन कोणाला तरी विचारून येतो.

विषय हवाच असेल तर माड घ्या. आपल्याकडे झाडांच्या रक्षणाचा कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माड त्यातून वगळला, म्हणजे कापायला परवानगीची गरज उरली नाही. त्यावर राज्यभर ओरड झाली आणि २०१७ मध्ये माडाला पुन्हा संरक्षण मिळालं. मुलांसाठी प्रश्न असा करावा : 'आपल्या भाटातला (माडांच्या बागेतला) जुना माड कापायला सरकारची परवानगी लागावी का?' दोन्ही बाजू मुलांच्या घरातच सापडतात. घरावर झुकलेला माड, पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही, परवानगीसाठी खेपा, ही एक बाजू. परवानगी नसली तर बिल्डर रातोरात भाट साफ करील, ही दुसरी. आजी एक सांगेल, बाबा दुसरं.

याहून मोठा विषय म्हणजे १९६७ चा जनमत कौल : गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा. १६ जानेवारीला मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं आणि विरोधात १,७२,१९१. दोन्हीकडे जिवाला लागलेली माणसं होती आणि दोन्हीकडे युक्तिवाद होते. पटवून देण्याचा एवढा मोठा धडा आपल्या राज्यात दुसरा नाही.

---

अबोली

रानवारा, माड चालेल. जनमत कौल सहावी-सातवीला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मी पेडण्यात शिकवते. इथे अजून जुन्या माणसांत 'फूल' आणि 'दोन पानं' यावरून आवाज चढतात. मूल घरी विचारणार, आजोबा जे बोलतील ते तसंच्या तसं वहीत येणार. ते मुलाचं मत कसं म्हणायचं? आणि वर्गात दुसऱ्या घरचं मूल शेजारी बसलेलं असतं. निबंधापायी मुलांत फूट पाडायची का?

मराठी-कोंकणी भाषावादाचंही तसंच. मोठ्यांना शांतपणे बोलता येत नाही असे विषय मुलांच्या माथी मारू नयेत.

---

रानवारा

अबोलीताई, बाकीचं सोडा, पण मोठ्यांना जमलं नाही म्हणून मुलांनी शिकूच नये का? आपल्या आजोबांच्या विरुद्ध पक्षाची तीन कारणं नीट लिहून दाखवणारं मूल मला तरी हवं आहे.

---

अबोली

हवंच. पण आधी माडावर लिहू दे, मग मैदानावर, मग बसवर. तेव्हा कुठे नववी-दहावीत ते. पोहायला शिकवताना कोणी पावसाळ्यात मांडवीत ढकलत नाही.

---

सुरंगी

मी इथे अबोलीताईंच्या बाजूने आहे, आणि कारण माझ्या वर्गातलं आहे.

आमचा भाग खाणींचा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. मागच्या काही वर्षांत एका मुलाने लिहिलं होतं की बाबांचा ट्रक दारात उभा राहून गंजला, हप्ते थकले, आईचे दागिने गेले. त्याच बाकावरच्या मुलीने लिहिलं की खाणीच्या पाण्याने त्यांच्या शेतात लाल चिखल साचला, आजोबांनी शेती सोडली. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं. रानवारांच्या भाषेत दोन्ही 'पाहिलं'. मी त्यांना एकमेकांविरुद्ध निबंध लिहायला सांगितलं नाही. जिथे हरणं म्हणजे आपल्या बापाला खोटं पाडणं आहे, तिथे तेरा वर्षांचं मूल समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे लिहू शकत नाही, आणि आपण ते मागूही नये.

मी वेगळं केलं. दोघांनाही विचारलं, 'तुझ्या उदाहरणावरून एवढंच कळतं की… पुढे काय?' मुलाने लिहिलं, 'खाण अचानक बंद केली की ट्रकवाल्यांकडे दुसरे काम नसते.' मुलीने लिहिलं, 'खाणीचे पाणी शेतात सोडू नये.' फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यावर वर्गातूनच कोणीतरी म्हणालं, 'बाई, ही दोन्ही खरी असू शकतात.' त्या दिवशी निबंध झालाच नाही. तास मात्र वाया गेला असं मला वाटत नाही.

म्हणून विषय निवडताना मी एवढंच बघते : मुलाला त्यातलं काही स्वतः पाहता येतं का, आणि मत बदललं तर घरी मान खाली घालावी लागणार नाही ना. माड या दोन्हींत बसतो. शाळेचा गणवेश, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्लास्टिक पिशवी मागणारी गिऱ्हाइकं, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, गावातल्या मैदानावर कोणी कधी खेळायचं, हेही बसतात. 'झाडे लावा झाडे जगवा' बसत नाही, कारण 'झाडे लावू नका' म्हणणारा माणूसच सापडत नाही. ज्याला विरोधक नाही तो या निबंधाचा विषयच नव्हे.

---

घुमट

दोन व्यावहारिक प्रश्न. एक, हल्ली मुलं मोबाईलवर एआयला विचारून निबंध उतरवून आणतात. अगदी 'हे मान्य असले तरी'सकट. दुसरं, माझे तीन वर्ग आहेत. प्रत्येक वहीत 'कशावरून?' आणि 'बरं, मग?' लिहीत बसलो तर रात्र पुरायची नाही.

---

सुरंगी

पहिल्याचं उत्तर बसथांब्यात आहे. त्या थांब्याला छप्पर नाही हे मोबाईलला माहीत नाही. निदान एक पुरावा 'पाहिलं'मधला हवाच, आणि दुमडलेलं पान वर्गातच, माझ्यासमोर भरायचं. घरून फक्त नितळ प्रत आणायची.

तपासण्याचं म्हणाल तर पहिली फेरी मी करतच नाही. मुलांच्या जोड्या लावते, त्याही विरुद्ध मताच्या. डावी बाजू, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, ते त्या समोरच्यानेच वाचायचं. पटलं तर खाली 'हो, माझे म्हणणे हेच' लिहून सही करायची. नाही पटलं तर काय राहिलं ते सांगायचं. सही मिळेपर्यंत पुढे जायचं नाही. सुरुवातीला मुलं मुद्दाम सही अडवून धरतात, एकमेकांना छळतात, मग आपलंही पान दुसऱ्याच्या हातात आहे हे लक्षात आलं की सरळ होतात. सहीनंतरच्या वह्या माझ्याकडे येतात, तोवर निम्मं काम झालेलं असतं. दहापैकी चार मार्क मी त्या डाव्या बाजूला देते, चार पुराव्याला आणि त्याच्या जोडणीला, दोन भाषेला. ऱ्हस्वदीर्घ वेगळ्या दिवशी.

---

वाळपईकर

सहीची कल्पना घरी चालेल का? मुलगी म्हणते, गृहपाठावर तिला पुन्हा लिहायचंय, यावेळी तिच्या बाईंसाठी.

---

सुरंगी

चालेल, पण मग सही बाईंचीच हवी. तिला सांगा, आधी बाईंना जाऊन विचार की गृहपाठ का देता. उत्तर लिहून घे, बाईंना वाचून दाखव, बरोबर आहे का विचार. निबंध त्यानंतर.

---

घुमट

बुधवारी आठवीला माड घेतोय. रानवारा, कायद्याचा इतिहास आधी सांगू की नंतर?

---

रानवारा

नंतर. आधी सांगितलात तर सरकारने शेवटी काय केलं तेच बरोबर धरून सगळे लिहितील. आधी भाटात जाऊ द्या, पाडेल्याला विचारू द्या, शेजाऱ्याला विचारू द्या. सह्या झाल्यावर २०१६ आणि २०१७ फळ्यावर लिहा.